साथीला बसलेली माणसं

बंगळूरहून म्हैसूरच्या रस्त्याला लागलं की तासाभरात रामनगरचे खडक दिसू लागतात. राखाडी, गोलसर, एकमेकांच्या आधाराने उभे असलेले. ‘शोले’चं रामगढ इथलंच. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी या खडकांच्या पायथ्याशी अख्खं गाव उभं केलं आणि १५ ऑगस्ट १९७५ला ते मुंबईत मिनर्व्हाच्या पडद्यावर आलं. या चित्रपटाच्या ७० मिलिमीटरच्या प्रतींवर आवाजाच्या सहा पट्ट्या होत्या. जयचं नाणं खणखणत पडलं की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं तेव्हाचे प्रेक्षक अजून सांगतात. आवाज ऐकू येतो हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तो कुठेतरी असतो, त्याला स्वतःची जागा असते, हे त्या नाण्याने हजारो लोकांना एका क्षणात दाखवून दिलं.

तेव्हा त्यासाठी मोठं चित्रपटगृह लागत होतं. आता दोन कानांवर बसणारा हेडफोन पुरतो. डॉल्बी ॲटमॉस २०१२ साली चित्रपटगृहांत आलं आणि २०२१च्या जूनमध्ये ॲपल म्युझिकच्या श्रोत्यांपर्यंत पोचलं. तेव्हापासून जगभरचे गाजलेले जुने अल्बम नव्याने मिश्रण करून या वेढणाऱ्या रूपात येत आहेत. बारा स्पीकरची खोली बंगळूरच्या फ्लॅटमध्ये कोण उभारणार? इथे भिंतीला भिंत लागलेली, शेजारच्या घरात कुणाचं बाळ झोपलेलं, कुणाची रात्रपाळी. पण सिल्क बोर्डाच्या चौकात अडकलेल्या बसमध्ये, मॅजेस्टिकहून सुटलेल्या मेट्रोत, पाऊस थांबेपर्यंत एखाद्या दुकानाच्या छपराखाली, मी हे अल्बम ऐकत असते. गर्दीत उभं राहूनही भोवती एक प्रशस्त दालन उघडतं. या शहरात जागेची एवढी टंचाई आहे की आवाजाने दिलेली जागासुद्धा मला मोलाची वाटते.

यामागची रीत समजून घेतली तर ऐकण्याची गोडी वाढते. स्टीरिओमध्ये मिश्रण करणारा माणूस गिटार डावीकडून किती आणि उजवीकडून किती ऐकू यावी हे ठरवतो. ॲटमॉसमध्ये ती गिटार खोलीत नेमकी कुठे आहे, हे तो ठरवतो: खांद्यामागे, डोक्यावर, की चार हात पुढे. मूळ मिश्रणात अशा १२८पर्यंत ध्वनिधारा असू शकतात. त्यांच्या जागांची नोंद त्यांच्याबरोबरच पुढे जाते आणि ऐकणाऱ्याकडचं यंत्र त्या नोंदीवरून आवाजांची मांडणी करतं. हेडफोनमध्ये ते आपल्याच कानांची सवय वापरतं. उजवीकडचा आवाज डाव्या कानाशी एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोचतो, डोक्याच्या आडोशाने किंचित मंदावतो, कानाच्या पाळीच्या वळणांवरून येताना त्याचा पोत बदलतो. एवढ्याशा खुणांवरून मेंदू दिशा ओळखतो. या तंत्राला ज्यांचं नाव आहे ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. इथून जाऊन त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली आणि टेपवरची खरखर कमी करण्याचं तंत्र जगाला दिलं. हलके आवाज खरखरीत बुडू नयेत, यासाठीची ती धडपड होती.

हलक्या आवाजांविषयीच मला बोलायचं आहे.

बंगळूर रॉक संगीतावर जीव टाकणारं शहर. रेस्ट हाउस रोडवरच्या पेकोजमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तीच जुनी गाणी वाजतात. पॅलेस ग्राउंड्सवर २००२ साली रॉजर वॉटर्स येऊन गेले, पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्स. त्यामुळे पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ इथल्या अनेकांना तोंडपाठ आहे. १९७३च्या या अल्बमचं चार दिशांनी ऐकण्याचं मिश्रण ॲलन पार्सन्स यांनी त्याच काळात केलं होतं. त्यातली ती एकदम वाजू लागणारी घड्याळं पार्सन्स यांनी घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती, तीही चौफेर ध्वनीचं प्रात्यक्षिक म्हणून. म्हणजे हा आवाज जन्मालाच आला तो भोवती पसरण्यासाठी. पण चार कर्ण्यांची ती पद्धत टिकली नाही. प्रत्येक कंपनीची तबकडी वेगळी, तिला लागणारं यंत्र वेगळं. २००३ साली जेम्स गथ्री यांनी तो अल्बम सहा वाहिन्यांत मांडला आणि पन्नास वर्षं पूर्ण होताना, २०२३ साली, ॲटमॉसमध्ये. घड्याळांना आपापली भिंत मिळायला अर्धं शतक गेलं.

याच अल्बममध्ये क्लेअर टॉरी यांचा आवाज आहे. शब्द नाहीत, फक्त स्वर: कधी आर्त, कधी उसळता, शेवटी थकून विसावणारा. त्यांना बोलावलं होतं एका दिवसाच्या कामासाठी, मानधन ३० पौंड. गाण्याचा तो विस्तार त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या रचला. रचनाकार म्हणून त्यांचं नाव लागायला मात्र त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि २००५च्या तडजोडीनंतर ते लागलं. नव्या मिश्रणात तो आवाज पियानोच्या वर, मोकळ्या हवेत उभा राहतो. ऐकताना मला त्या गाण्यातलं दुःख जाणवतं आणि ते घडवणारी बाईही जाणवते.

बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चंही असंच. १५ मार्च १९६७ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत सतरंजी अंथरून काही भारतीय वादक बसले. जॉर्ज हॅरिसनच्या ‘विदिन यू विदाउट यू’साठी तबला हवा होता, तंबोरा हवा होता, दिलरुबा हवे होते. बीटल्समधला एकटा हॅरिसन त्या गाण्यात आहे. त्याच्यासोबत ही माणसं आणि नंतर जोडलेले पाश्चात्य तंतुवादक. अल्बमच्या वेष्टनावर त्यांची नावं आली नाहीत. पुढे शोध घेणाऱ्यांनी ती मिळवली, आणि अल्बमच्या पन्नाशीला, २०१७ साली, ती सर्वांसमोर आली: अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी. अण्णा जोशी! मराठी कानाला घरचं वाटणारं हे नाव जगातल्या सर्वांत गाजलेल्या अल्बमपैकी एकात पन्नास वर्षं मुकं होतं. जाइल्स मार्टिन यांनी, म्हणजे मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या मुलाने, केलेलं ॲटमॉस मिश्रण मी ऐकते तेव्हा दिलरुब्याचा गज तारेवर घासल्याचा तो किंचित खरखरीत श्वास कानाजवळ येतो. आवाजाच्या मागे ढकलली गेलेली माणसं शेजारी येऊन बसतात.

वेढणाऱ्या ध्वनीची खरी देणगी मला हीच वाटते. आवाज डोक्याभोवती फिरवून दाखवण्यात गंमत आहे, पण ती दोन-चार गाण्यांत संपते. टिकतं ते एवढंच की पंगतीत प्रत्येकाला पाट मिळावा तशी प्रत्येक वादकाला जागा मिळते. मुख्य स्वराखाली दबलेला वादक आपल्या पाटावर दिसू लागतो, आणि एकदा दिसला की जुन्या स्टीरिओतही तो पुन्हा हरवत नाही.

आपल्या बैठकीत हे पूर्वीपासून आहे. गायकाच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, पाठीमागे दोन तानपुरे. त्या स्वरांच्या मधोमध बसण्याचा मान एकट्या गायकाचा. श्रोता समोर असतो, त्याच्याकडे हे सगळं एकाच दिशेने येतं. तानपुऱ्याचा षड्ज मानेमागून उमलत असताना पहिला ‘सा’ लावणं म्हणजे काय, हे गाणाऱ्यालाच माहीत. मधोमध ठेवून केलेलं मिश्रण श्रोत्याला समोरच्या जागेवरून उठवतं आणि वादकांमध्ये आणून बसवतं. रसिकाच्या आयुष्यातला हा मोठा बदल आहे, आणि त्याबरोबर थोडी जबाबदारीही येते. वादकांमध्ये बसलेल्याने वादकांना ओळखायला हवं.

मग मन आपल्या गाण्यांकडे वळतं. १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ घरोघर पोचलं: गदिमांची छप्पन्न गीतं, बाबूजींचं संगीत. मुंबईत तारदेवच्या फेमसमध्ये, मेहबूबमध्ये चित्रपटगीतं मुद्रित होत होती. तेव्हा प्रत्येक वाद्यासाठी वेगळी पट्टी नव्हती. सगळा वाद्यवृंद एका दालनात, मोजके मायक्रोफोन, आणि सगळं जागच्या जागी एकत्र होऊन एकाच धारेत उतरायचं. एकजण चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कोणतं वाद्य किती ऐकू यावं हे पुष्कळदा अंतराने ठरायचं: बासरीवाला एक पाऊल पुढे, ट्रम्पेटवाला भिंतीपाशी, कोरस आणखी मागे. त्या एकाच धारेत डावं-उजवं नाही, पण जवळ-दूर आहे, आणि ते अगदी खरं आहे. माणसं जिथे उभी होती त्या जमिनीचं ते माप आहे.

अशी गाणी आता यंत्राच्या साहाय्याने सुटी करता येतात. एकजीव झालेल्या आवाजातून ढोल वेगळा, गिटार वेगळी, गळा वेगळा काढायला संगणकाला शिकवता येतं. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्वर’चं २०२२चं मिश्रण याच वाटेने झालं. उद्या हेच ‘गीतरामायणा’चं करता येईल. ते व्हावं का? मी बराच काळ या प्रश्नापाशी रेंगाळले आहे. बाबूजींच्या स्वराजवळ व्हायोलिन किती यावं, शब्द संपल्यावर ते किती वर यावं, हे त्या दालनात माणसांनी एकमेकांकडे बघून ठरवलेलं असतं. ते विस्कटलं तर गाण्यातला परस्परांचा आदरच विस्कटेल. पण बाबूजींच्या ‘गीतरामायणा’च्या कार्यक्रमांत ज्यांचं व्हायोलिन साथीला असे, त्या प्रभाकर जोगांचा गज कधी स्पष्ट, वेगळा, जवळून ऐकायला मिळाला, तर मी हात जोडूनच ऐकेन. ज्यांच्या व्हायोलिनला महाराष्ट्राने ‘गाणारं व्हायोलिन’ म्हटलं, ते २०२१मध्ये गेले. त्यांच्यामागे उरल्या आहेत त्या या एकजीव धाराच.

आणि गोव्याची माणसं! शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना भव्य वाद्यमेळ देणारे सेबॅस्टियन डिसूझा, सी. रामचंद्रांबरोबर काम करणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. गोन्साल्विस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे त्यांचं नाव देशभर दुमदुमलं, आणि ते नाव एका खऱ्याखुऱ्या संगीतकाराचं आहे हे बहुतेकांना कळलंसुद्धा नाही. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेले हात आणि घराण्यात तालीम घेतलेले हात एका दालनात आले, तिथे आपल्या लहानपणाचं संगीत घडलं. तबकडीवर नाव आलं गायकाचं, संगीतकाराचं, फार तर गीतकाराचं. साथीला बसलेल्यांना मिळाली त्या दिवसाची बिदागी.

म्हणून मला वाटतं, जुनं संगीत नव्या ध्वनीत आणणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. मूळ मिश्रण कधीही हटवू नये. नव्याच्या शेजारी ते तसंच ऐकायला मिळावं, म्हणजे पुढच्या पिढीला दोन्ही ताडून पाहता येतील. जिथे वेगळ्या पट्ट्या होत्या आणि जिथे यंत्राने आवाज सुटे केले, त्यातला फरक श्रोत्याला स्पष्ट सांगावा. आणि ज्या वादकाला खोलीत जागा दिली, त्याचं नाव अल्बमच्या पानावर लिहावं. जागा देऊन नाव न देणं हे अर्धंच काम. कंपन्यांच्या गोदामांत, आकाशवाणीच्या कपाटांत, जुन्या वादकांच्या घरच्या ट्रंकांत टेप, स्वरलिपीचे कागद, मुद्रणाच्या नोंदी पडून आहेत. दमट हवा त्यांच्यावर रोज काम करते आहे. आपणही रोज करायला हवं.

श्रोत्याकडेही एक काम आहे, आणि त्याला हेडफोनसुद्धा लागत नाही. आवडतं एखादं गाणं घ्यावं आणि ते एकदा गळ्यासाठी न ऐकता साथीसाठी ऐकावं. दोन ओळींमधली बासरी, अंतऱ्याआधीचा व्हायोलिनचा उठाव, समेच्या आधी तबल्याने घेतलेला छोटासा श्वास. मग ते कुणी वाजवलं हे विचारत सुटावं: घरातल्या वडीलधाऱ्यांना, जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांना, वादकांच्या मुलाबाळांना. बहुतेक वेळा कुणालातरी आठवत असतं. नाव कळलं की ते लिहून ठेवावं आणि पुढे सांगावं.