सैतामाचं केळं

आमच्या घरी सैतामा आला तो मोबाईलमधून. ‘वन पंच मॅन’ या जपानी ॲनिमेचा हा टकलू नायक, एका बुक्कीत राक्षस लोळवणारा. ‘वन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्याने २००९ साली इंटरनेटवर त्याची चित्रकथा सुरू केली, २०१५ मध्ये मालिका आली. त्याचा व्यायाम एवढाच: रोज १०० पुशअप्स, १०० सिटअप्स, १०० स्क्वॉट्स आणि १० किलोमीटर धावणं. आमच्या पंधरा वर्षांच्या लेकाने हे कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं.

दादींनी वाचून घेतलं आणि हसल्या. “अरे, हे तर डंड-बैठका! गामा पैलवान हेच करायचे.” १९१० साली लंडनमध्ये त्याच गामांपुढे झिबिस्कोसारखा पैलवान दोन तासांहून जास्त चटईला चिकटून राहिला होता, हा किस्सा त्यांच्या वडिलांकडून आलेला. लेकाचं उत्तर तयार होतं, “दादी, गामांना ॲब्स कुठे होते? मला सडसडीत व्हायचंय.”

इथेच आम्हाला काळजी वाटू लागली. व्यायाम चांगलाच, धायरी फाट्यापर्यंत पहाटे धावणंही चांगलं. पण त्याने भात सोडला, मग चपाती, मग नाश्ता. शाईने काढलेल्या पोटाच्या रेघा हाडामांसाच्या पोरात शोधायच्या, तेही वाढीच्या वयात! रमजान आला तेव्हा सेहरीला नुसतं पाणी, आणि इफ्तारच्या आधी धावायला बाहेर. चौथ्या रोज्याला असरनंतर जिन्यातच चक्कर येऊन बसला. डॉक्टरांनी तपासलं, रक्त कमी निघालं. एका जिममधल्या ट्रेनरने त्याला कसल्याशा कॅप्सूल दिल्या होत्या. त्यांचं आवरण जिलेटिनचं. ते कोणत्या जनावराचं, हे डबीवर कुठेच नव्हतं. डबी परत गेली.

रागावून काही होणार नव्हतं. तेव्हा आम्ही दोघांनी बसून ती मालिकाच पाहिली. (चेला बिचारा चिडतो, हा तर साधाच व्यायाम आहे म्हणून. आम्हाला ते फार आवडलं.) आणि त्यात सापडलं: सैतामा तीन वेळा जेवायला सांगतो, सकाळी एक केळं असलं तरी चालेल म्हणतो! लेकाने हे वाक्य कागदावर उतरवलंच नव्हतं. आम्ही उतरवलं, मोठ्या अक्षरात.

मग सेहरीला केळं, खजूर, अंडी, दही-चपाती. व्यायाम तरावीहनंतर, तोही निम्मा. बैठका दादी मोजतात. साठनंतर एकदम सत्तर म्हणतात आणि कोणी काही म्हणत नाही.

ईदनंतर रविवारी तिघं आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. तो पुढे, आम्ही धापा टाकत मागे. वर पिठलं-भाकरी. दोन भाकऱ्या संपवून तो तिसरीकडे बघत होता. घरी आल्यावर आरशासमोर टी-शर्ट वर करून उभा राहिलाच. अजून राहतो. दार लोटलेलं असतं, आम्ही बाहेरून हाक मारतो, “जेवायला चल.”