पाठकोऱ्या कागदावरची कामं

आमच्याकडे वाण्याची यादी आई पाठकोऱ्या कागदावर करायची. वर ‘श्री’, खाली हळद-कुंकू, मग तूरडाळ, साखर, रवा. वाणी कानामागची पेन्सिल काढून जिन्नस निघेल तशी खूण करायचा, शेजारी किंमत मांडायचा. जो मिळाला नाही तो आई पुढच्या महिन्याच्या यादीत पुन्हा लिहायची. यादीची सवय मला तिथूनच लागली. कॉलेजात स्केचपेननं अभ्यासाचं वेळापत्रक आखण्यात दुपार जायची आणि अभ्यास झाल्यासारखं वाटायचं, तो भाग सोडा.

नोकरीत डायरी आली. सुटताना उद्याची कामं लिहिली की घरी जाताना डोकं हलकं असायचं. ते का, हे पुढे वाचनात आलं. अर्धवट कामं मनात जास्त रेंगाळतात, असं मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी 1927 साली बर्लिनमधल्या प्रयोगांवरून मांडलं होतं. 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांना आढळलं, की काम संपवायलाच हवं असं नाही; ते कधी, कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी त्याची टोचणी कमी होते. सगळं अडतं ते त्या ‘नेमकं’पाशी.

वडील गेल्यावर ‘गावचे कागद’ हे दोन शब्द माझ्या डायरीत पानामागून पान उतरत राहिले. आळस म्हणावा, तर बाकीची कामं होत होती. विम्याचे हप्ते, मुलीची फी, अगदी गळका नळसुद्धा. पण गावच्या जमिनीवरच्या वारस नोंदीच्या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडावा लागतो, आणि तो कागद फाइलमधून बाहेर काढावासा वाटत नव्हता. दर सोमवारी तेच शब्द हातानं लिहिताना हे एकदाचं लक्षात आलं. मग त्या ओळीच्या जागी लिहिलं: दाखल्याच्या दोन झेरॉक्स. प्रतिज्ञापत्र. तलाठ्यांना फोन, सकाळी. झेरॉक्स काढायला कुणाला धीर गोळा करावा लागत नाही. पुढे फेरफाराची नोटीस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी हे सरकारी चालीनं होत गेलं.

मुलगी म्हणते, “बाबा, फोनवर लिहा की.” लिहितो. सिलिंडर, वीजबिल, तारखेची सगळी कामं तिथेच असतात. पण माझ्या फोनमधली यादी राहिलेलं काम मध्यरात्री गुपचूप उद्यावर सरकवते; ना कुरकुर, ना खाडाखोड. मला ही सोय नको आहे. टाळलेलं काम स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहायचा कंटाळा येतो, आणि मग चालढकल जरा महाग पडते. सध्या ‘माळा आवरणे’ असंच पानोपानी फिरतंय. त्याचेही तुकडे करायला हवेत. रविवारी नाश्त्यानंतर फक्त पितळेची भांडी, जुन्या फाइली नंतर.