एका गाठीचा फरक

'भरून' आणि 'मरून' यांत फरक केवढा? तर 'भ'च्या डोक्यावरच्या गाठीएवढा! पडद्यावर अक्षर बारीक असलं की नेमकी तीच बुजते. इंग्रजीला पुरणाऱ्या उंचीत आपल्याला वेलांटी, शिरोरेषा, उकार सगळंच कोंबावं लागतं ना! र. कृ. जोशींचा 'मंगल' फॉन्ट विंडोज २००० सोबत आला, मराठीची मोठी सोय झाली. पण ही दाटी उरलीच. क्लिअरटाइप पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या वापरून अक्षराला आडवी धार देतं. उंची मात्र आपणच द्यायची.

इथे पुण्यात आईचा मोतीबिंदू काढला, तरी मावशीची मेल आली की ती म्हणायची, "तूच वाचून दाखव." मग अक्षर दीडपट केलं, ओळींत जागा सोडली. आता एकटीच वाचते, मध्येच हसते. कशाला, ते मला सांगत नाही. असू दे!