वीस सेकंदांचा बांबू

हिशेब मला येत नव्हता असं नाही. करायचा नव्हता.

वीसेक वर्षांपूर्वी मी मोगली एरंडाचा प्रचारक होतो. २००३ साली नियोजन आयोगाने त्याच्या बियांपासून बायोडिझेल काढायची मोठी योजना मांडली होती. ‘पडीक जमिनीत येतो, पाणी मागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत’, हे मी बैठकीबैठकीत घोकायचो. माझ्या शब्दावर मामेभावाने दोन एकर बरड त्याखाली घातलं. झाडं जगली, बी निघालं पायलीभर. “असू दे दादा, कुंपण तर झालं,” तो म्हणाला. टोमणा कळायलाही मला दोन दिवस लागले.

तरी खोड जाईना. २०२१ मध्ये केंद्राने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात पाच टक्के बायोमासच्या कांड्या मिसळायला सांगितलं आणि मी पुन्हा पेटलो. आता बांबू! आमच्या चंद्रपुरात खाणींतून उपसलेल्या माती-दगडाचे डोंगर आहेत, वीजकेंद्राच्या राखडीचे बंधारे आहेत. तिथं बांबू लावायचा आणि तिथंच जाळायचा. राखडीवर भाजीपाला पिकवून खाऊ नये, तेव्हा जळाऊ पीकच बरं. हा मुद्दा मला अजूनही पटतो.

मग एका रात्री वहीत आकडे मांडले. इथलं वीजकेंद्र २९२० मेगावॅटचं. पूर्ण क्षमतेने चाललं तर माझ्या अंदाजाने दिवसाला ४५ हजार टन कोळसा. ढिगाऱ्यावर हेक्टरी वर्षाला दहा टन बांबू धरला, तोही हात सैल सोडून. म्हणजे हेक्टरभराची वर्षाची मेहनत वीस सेकंदांत खाक. नुसत्या पाच टक्क्यांसाठी ऐंशी हजार हेक्टर लागतील. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा गाभाच ६२५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे साडेबासष्ट हजार हेक्टर. वही मिटली.

बांबूवरून मात्र मन उडालं नाही. एका जुन्या ढिगाऱ्यावर गेलो होतो. उघड्या बाजूला पावसाने पुरुषभर खोल घळी पाडलेल्या, पायाखाली काळ्या शेलच्या कपच्या. दहा पावलांवर बांबूचं बेट. खाली वीतभर पाला. हात घातला तर गार, ओलसर, आणि बोटाला चिकटली ती माती! नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यांचं प्रेसमड आणि जिवाणू खतं घालून झाडं वाढवली, हे मी भाषणांत सांगत आलो होतो. माती होते म्हणजे काय होतं, ते त्या दिवशी नखात अडकलं.

तो पाला, त्या मुळ्या, हेच तिथलं पीक. जून काठ्या बुरडांना द्या, उरल्यासुरल्या भट्टीत घाला, माझी हरकत नाही. पण भट्टीसाठी म्हणून लावू नका. मी नेमकं त्यासाठीच लावा असं सांगत फिरलो होतो.

परवा एका बैठकीत साहेबांनी विचारलं, “हेक्टरी किती टन निघेल?”

म्हटलं, “तीन वर्षांच्या आतली काठी तोडायची नाही, आणि पाला तर उचलायचाच नाही.”

त्यांनी पुढचा विषय घेतला.