तोफेचं तोंड आणि गोळ्याचं वजन

झाशीच्या किल्ल्यात ‘कडक बिजली’ नावाची जुनी तोफ आहे. तिच्यासारख्या कुठल्याही तोफेचं तोंड एक गोष्ट परस्पर ठरवून टाकतं, ती म्हणजे गोळ्याचं आकारमान. मोठा गोळा आत शिरत नाही आणि फार लहान असला तर दारूचा जोर त्याच्या कडेने निसटून वाया जातो. आकारमान असं बांधलं गेलं की वजनाचा निवाडा फक्त द्रव्याच्या हाती उरतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचं आकारमान भरतं सुमारे ५२४ घनसेंटिमीटर. तो ग्रॅनाइटातून घडवला तर १.४ किलो, ओतीव लोखंडाचा केला तर पावणेचार, शिशाचा केला तर जवळजवळ सहा. जागा तेवढीच, भार मात्र चौपट. ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे १८५८चा झाशीचा वेढा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, आणि दगडी तटावर लोखंडी गोळे आदळले म्हटलं की जास्त घन तेच जास्त बळकट, असं वाटू लागतं. पण शिसं लोखंडाच्या दीडपट घन असूनही इतकं मऊ, की तटावर आपटून तेच चेपेल. ठरलेल्या जागेत किती द्रव्य मावलं आहे एवढंच घनता सांगते. ते द्रव्य एकमेकांना किती घट्ट धरून आहे, ही चौकशी वेगळी.

कुणी म्हणेल, घनता म्हणजे नुसता भागाकार. खरं असतं ते वस्तुमान आणि आकारमान. मला हे उलटं वाटतं. १६१३ साली बीरसिंह देवाने ज्या बंगरा टेकडीवर झाशीचा किल्ला उभारला, तिचा ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा. त्याची शिळा फोडली की प्रत्येक तुकड्याचं वजन निराळं, आकारमानही निराळं; भागाकार मात्र पाण्याच्या २.६५ पटीच्या आसपासच राहतो, मग तुकडा हत्तीएवढा असो की हरभऱ्याएवढा. वजन आणि आकारमान त्या-त्या तुकड्याचं, घनता दगडाची. हेही अगदी अढळ नव्हे. झाशीच्या मे महिन्यात तापलेलं लोखंड किंचित फुगतं, वस्तुमान तेच राहतं, म्हणजे घनता हजारात एखाद्या भागाने उतरते. व्यवहारात हे सोडून देता येतं.

सोडून देता येत नाही तो आक्षेप खडीचा. हाच दगड क्रशरमधून काढून ढीग घातला, तर घनमीटरला अडीच टनांहून अधिक भरणारा ग्रॅनाइट दीड टनावर येतो. दगड तोच, तर घनता गेली कुठे? कुठेच नाही, आपण खडीच्या मधली हवाही मापात धरली. आकारमानाची हद्द कुठे आखली हे सांगितल्याशिवाय घनतेचा आकडा अर्धवटच असतो, आणि ब्रासवर, म्हणजे आकारमानाच्या मापावर, माल घेणाऱ्याला ती हद्द खिशातून मोजावी लागते. वाळूत तर आणखी गंमत. किंचित ओल आली की कणांभोवतालचं पाणी त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं, ढीग फुगतो, आणि त्याच ब्रासमध्ये वाळू कमी येते. तीच वाळू पाण्याने पुरती भिजवली, तर ढीग पुन्हा जवळजवळ कोरड्याएवढा बसतो.