लॅमिंग्टन रोडची सहल

मुलांनो, सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? किल्ला, धबधबा, समुद्र, नाहीतर राणीचा बाग! पण मी आज ज्या सहलीची गोष्ट सांगणार आहे, तिच्यात यातलं काहीच नव्हतं. होती ती फक्त दुकानं. एकाला एक चिकटलेली, वायरींनी आणि खोक्यांनी भरलेली. तरीही परत येताना आम्ही इतकं काही शिकून आलो, की वर्गात चार तास घेऊनही मला ते शिकवता आलं नसतं.

त्याचं असं झालं. माझ्या वडिलांनी २०१४ साली निवृत्तीच्या पैशांतून नातवासाठी कॉम्प्युटर घेतला होता. नातू तेव्हा पाच वर्षांचा. त्याच कॉम्प्युटरवर त्यानं आजोबांच्या मांडीवर बसून ‘अ’ गिरवला. आजोबा आता नाहीत. नातू नववीत गेला आणि कॉम्प्युटर म्हातारा झाला. चालू करायचा आणि चहा करून यायचं, तरी हे महाशय आपले जागे होतच असायचे! भाऊजी म्हणाले, “दिवाळीच्या साफसफाईत भंगारात देऊन टाकू.”

भाच्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो ब्लेंडर नावाच्या प्रोग्रॅमवर अर्नाळ्याचा किल्ला उभा करत होता. आमचं घर आगाशीला, तिथून अर्नाळा अगदी जवळ. १७३७ साली पेशव्यांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला त्याला सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येईल असा करायचा होता. ब्लेंडर फुकट मिळतं, पण त्याला ताकदीचं यंत्र लागतं. तीन बुरूज झाले की कॉम्प्युटर गोठायचा.

“मावशी, नवीन नको. यातच ग्राफिक्स कार्ड आणि रॅम टाकू या,” तो म्हणाला आणि त्यानं डबा माझ्यापुढे उपडा केला. दोन वर्षांचे वाढदिवसाचे, दिवाळीचे, गणपतीत पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे. मोजले तर ८,४०० रुपये! भाऊजींनी बजावलं, “हे गेले की संपले हं. वर एक रुपया मिळणार नाही.”

झालं! २०२३ च्या भाऊबिजेनंतरच्या शनिवारी आम्ही दोघं निघालो. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवार. विरारहून जलद लोकलनं दादर, आणि दादरला धीमी गाडी पकडून ग्रँट रोड. जलद गाड्या ग्रँट रोडला थांबत नाहीत, हे लक्षात ठेवा बरं का! रॉबर्ट ग्रँट हे १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव या रस्त्याला आणि स्टेशनाला मिळालं. लॅमिंग्टन हेही गव्हर्नरच, १९०३ ते १९०७ या काळातले. लॅमिंग्टन रोडचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पाटीवर तेच आहे, पण टॅक्सीवाल्याला विचाराल तर जुनंच नाव ऐकू येईल.

स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की हा रस्ता लागतो. एके काळी तो सिनेमा थिएटरांसाठी प्रसिद्ध होता. इथल्याच मिनर्व्हामध्ये १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं चालला! आज ते थिएटर नाही. आज इथं गर्दी असते ती कॉम्प्युटरच्या सुट्या भागांसाठी. आधी रेडिओ आणि टीव्हीचे भाग विकले जायचे, मग त्यांच्या जोडीला कॉम्प्युटर आला. फुटपाथवर केबलची भेंडोळी, की-बोर्डचे ढीग आणि डोक्यावर खोकी घेतलेले हमाल. “बाजू, बाजू!” म्हणत ते पुढे जातात. इमारतीच्या आत शिरलं तर जिन्याखालीसुद्धा दुकान! एक माणूस भिंग लावून, बोटाएवढ्या पट्टीवर डाग देत बसलेला. भाचा तर त्याच्यापुढे खिळूनच उभा राहिला.

एका गल्लीत एका तरुण विक्रेत्यानं आम्हाला हटकलं. त्याच्याकडे दोन पंख्यांचं, चांगलं हातभर लांब दिसणारं ग्राफिक्स कार्ड होतं. वापरलेलं. “साडेसात हजार. असं कार्ड या भावात कुठे मिळणार नाही. पाच मिनिटांत जाईल. परत मात्र घेणार नाही हां.”

भाच्याचा हात खिशाकडे गेला. मी तो धरला. “अरे, मी वर्गात काय सांगते? आधी गणित पूर्ण वाचा, मग सोडवा.” तो चिडला. तोंड फुगवून माझ्यामागून चालू लागला.

पुढच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक लहानसं दुकान होतं. गल्ल्यावर चष्मा लावलेले एक काका. भाच्यानं कागदावरची यादी वाचून दाखवली: मोठं कार्ड आणि आठ जीबीची डीडीआर४ रॅम.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी उलट चार प्रश्न विचारले. “कॅबिनेटची रुंदी किती? एसएमपीएस किती वॉटचा? आत्ता आत कुठली रॅम आहे? मॉनिटरला मागे कुठली जागा आहे?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चारही प्रश्नांना शून्य मार्क! एवढ्या लांबून आलो आणि मुख्य गोष्टच घरी विसरलो.

“घरी कोणी आहे? मग फोन लावा की,” काका म्हणाले.

ताईला फोन लावला. आधी प्लग काढायला सांगितला. मग स्क्रू-ड्रायव्हर शोधण्यात दहा मिनिटं गेली. आपण घरात ज्या खोक्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो, ते खरं तर कॅबिनेट. खरा सीपीयू आत असतो, बिस्किटापेक्षाही लहान. ताईनं झाकण उघडलं आणि शिलाईची टेप घेऊन मोजमाप सुरू केलं.

“रुंदी चार इंच, तीही जेमतेम,” ती म्हणाली. “आणि त्या पंखेवाल्या डब्यावर २२० वॉट लिहिलंय.”

“रॅमच्या पट्टीवरचं वाचा, ताई.”

“चार जीबी. पुढे पीसी ३, मग १२८००. आणि शेजारची एक खाच रिकामी आहे.”

मॉनिटरला मागे एचडीएमआयची जागा होती, पण आजवर ती कोणी वापरलीच नव्हती.

काकांनी कागदाच्या मागच्या बाजूला आकृती काढली. मुलांनो, इथून पुढचं नीट वाचा.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. सामान फडताळात कितीही असो, काम ओट्यावरच होतं. ओटा लहान असला की एक डबा आत ठेवून दुसरा काढावा लागतो आणि स्वयंपाक रखडतो. आमच्या ओट्याची लांबी चार जीबी. त्यातच ज्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं, तो चित्रं काढण्यासाठीही याच ओट्याचा तुकडा वापरतो!

‘पीसी ३’ म्हणजे ही डीडीआर३ जातीची पट्टी. भाच्याच्या यादीत डीडीआर४ होती. नवीन म्हणजे चांगली, असं त्याला वाटलं होतं. पण डीडीआर३ ला २४० पिना आणि डीडीआर४ ला २८८. खालची खाचही वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून ती तशी केलेली असते. जोर लावला तर पट्टी किंवा मदरबोर्ड, काहीतरी मोडणार.

आता ग्राफिक्स कार्ड. आपल्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार करा: २० लाख ७३ हजार ६००! हलतं चित्र सुरळीत दिसायला ते सेकंदाला ६० वेळा रंगवायचे, म्हणजे १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके. समजा, शाळेच्या मैदानात मोठी रांगोळी भरायची आहे. दोन अतिहुशार मुलं लवकर भरतील, की एकेक चौकोन वाटून दिलेली ३८४ साधी मुलं? आमच्या प्रोसेसरमध्ये दोन कोर होते. काकांनी दाखवलेल्या जीटी १०३० या छोट्या कार्डात ३८४ असतात. ते अवघड विचार करत नाहीत, पण रांगोळी झटपट भरतात.

“पण काका, ते मोठं कार्ड यापेक्षा कितीतरी जोरात चालतं,” भाचा अजून हटून बसला होता.

“चालतं ना. पण तुझ्या घरी चालेल का?” काकांनी पट्टी घेतली. मोठ्या कार्डाची पत्र्याची पट्टी सुमारे बारा सेंटिमीटर उंच. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर. बसणारच नाही! दुसरं, मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. मोठ्या कार्डाला त्याशिवाय एसएमपीएसमधून वेगळी तार लागते आणि आमच्याकडे ती नव्हती. जीटी १०३० ला ३० वॉट पुरतात. आणि तिसरं, सप्टेंबर २०२२ मध्ये इथीरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली. तोवर ते चलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली हजारो कार्डं मग जुन्या बाजारात आली. “सगळी वाईट नसतात,” काका म्हणाले, “पण परत घेणार नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नये.”

भाचा गप्प झाला. त्या गल्लीत त्यानं पैसे मोजले असते, तर ८,४०० मधले ९०० रुपये उरले असते आणि एक न बसणारं कार्ड!

काकांनी आणखी एक गंमत सांगितली. याच जीटी १०३० चे दोन प्रकार आहेत. २०१७ सालच्या कार्डावर जीडीडीआर५ मेमरी, २०१८ साली निघालेल्यावर डीडीआर४. नाव तेच, पण दुसऱ्याचा मेमरीचा वेग पहिल्याच्या जवळजवळ एक तृतीयांश! म्हणून खोक्यावरची मोठी अक्षरं नव्हे, बारीक अक्षरं वाचायची. भाच्यानं खोकं उलटंपालटं करून ‘जीडीडीआर५’ शोधलं, तेव्हाच काकांनी बिल फाडलं. कार्ड ६,५००, आधीच्यासारखीच चार जीबीची दुसरी पट्टी ७५०, एचडीएमआय केबल १५०. एकूण ७,४००. हजार रुपये उरले! निघताना आम्ही डब्यातली आगाशीची सुकेळी काकांना दिली. “ही कंपनी मला माहीत आहे,” म्हणून ते हसले.

संध्याकाळी घरी शस्त्रक्रिया! प्लग काढून ठेवला आणि चालू करायचं बटण एकदा दाबलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. आपल्या अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती मारक ठरते. रंगाच्या मऊ ब्रशनं धूळ झाडली, तर नऊ वर्षांची बोंडं निघाली! रॅमची पट्टी कडेला धरून, खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखी दाबली. टक्क! कार्डाबरोबर आलेली आखूड पत्र्याची पट्टी आधी बदलून घेतली. मग कॅबिनेटमागचं रिकामं झाकण काढून कार्ड बसवलं आणि स्क्रू लावला.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा मात्र काळा ठिक्कर!

कोणीच बोलेना. भाऊजी दारात उभे. भाच्याचा चेहरा तर पाहवत नव्हता. पाच मिनिटं गेली. सगळं काढून पुन्हा बसवायला आम्ही निघालो, तेवढ्यात ताई मागे वाकून म्हणाली, “अगं, ही केबल तू जुन्याच भोकात लावलीस! नवीन कार्डाला स्वतःचं भोक आहे की.”

खरंच! केबल मीच लावली होती, आणि तीही मदरबोर्डच्या जागेत. गणित पूर्ण वाचायला सांगणाऱ्या बाईंनीच ते अर्धवट वाचलं होतं. मी कान पकडले. केबल बदलली आणि पडदा उजळला. आठ जीबी दिसलं, त्याखाली कार्डाचं नाव. ड्रायव्हर टाकून ब्लेंडर उघडलं. तीन बुरूज, चौथा, पाचवा, तट... किल्ला माउसबरोबर हळूच गोल फिरू लागला. भाऊजी पुढे येऊन म्हणाले, “जरा समुद्राच्या बाजूनं दाखव बघू.” भंगाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

मुलांनो, आमचे आकडे २०२३ चे आहेत. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव फार चढले, तेव्हा खरेदीआधी चौकशी करा. पण काकांचे चार प्रश्न मात्र महागलेले नाहीत. घरातून निघण्याआधी आईबाबांना बरोबर घेऊन झाकण उघडा, मोजा, वाचा, वहीत लिहा. आणि हो, शिलाईची टेप कुठे ठेवली आहे ते आधी आईला विचारून ठेवा!