अळवाखालचं पाणी

परवा ऋषिपंचमीला शेजारी जेवायला होते. वरईच्या भातावर भाजी वाढली, पहिला घास गिळला आणि घसा खाजला. शेजारच्या वहिनींना चेहऱ्यावरूनच कळलं. त्या लगबगीनं आगळ घेऊन आल्या, बाजारात मिळणारा भाजीचा तयार वाटा आणला होता म्हणून हळहळत राहिल्या. मी भाजी आणखी वाढून घेतली. लग्नाच्या पंगतीत आणि डब्यांत हल्ली मिळणारं अळू चिंचगुळाखाली असं दडपलेलं असतं की ते अळूच आहे याची खूण उरत नाही. घशातली ही बारीक, चिवट खाज मला पार मागे घेऊन गेली.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं काही चालत नाही. परसात, कुंपणावर, गोठ्याच्या छपरावर जे हातानं लावलं किंवा आपसूक उगवलं ते चालतं. भोपळा, पडवळ, माठाचे देठ, सुरण, भेंडी, कणसाचे तुकडे आणि अळू. ना मसाला, ना तेलाची फोडणी. वर्षातला हा एकच दिवस असा, की ज्या दिवशी शेतापेक्षा परसाला मान मिळतो.

आमच्या राजापूरकडच्या घरी अळू कोणी लावलं हे कोणालाच माहीत नव्हतं. न्हाणीच्या मागे ते होतंच. न्हाणीतलं पाणी दगडी पन्हळीतून बाहेर यायचं आणि त्या उताराच्या चिंचोळ्या पट्टीत मुरायचं. भिंतीलगत काळ्या देठाचं, वडीचं. पुढे हिरव्या देठाचं, भाजीचं. त्याला कोणी वेगळं पाणी घातल्याचं आठवत नाही. घरात माणसं जितकी, तितकं अळू माजे. मे महिन्यात पाणवठे आटत आणि बाकीचा सगळा आगर होरपळलेला असे, पण मुंबईची मंडळी नेमकी तेव्हाच उतरत, दोन वेळा अंघोळी करत आणि अळवाची पानं सुपाएवढी होत.

अळवावरच्या पाण्याबद्दल मराठीत पुष्कळ बोलून झालं आहे. मला अळवाखालच्या पाण्याबद्दल बोलायचं आहे.

आजी अळू कोरड्या हातानं कापायची. आधी खोबरेल चोळायची, मगच विळीवर बसायची. पानादेठांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईच्या आकाराचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि तेच टोचतात, हे मी खूप नंतर वाचलं. तिला त्यावरचा इलाज ठाऊक होता: आंबट घाला आणि घाई करू नका. देठ सोलायचे, पानं बारीक चिरायची, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून ती पार मोडेपर्यंत शिजवायची, मग घोटायची. वरून डाळीचं पीठ, चिंच, गूळ, खोबऱ्याचे काप, मुळ्याच्या चकत्या. उन्हाळ्यात राखेत पुरून ठेवलेल्या आठळ्या. फोडणीत मेथी हवीच. मेथीशिवायच्या फदफद्याला ती अळू म्हणत नसे, आणि मीही म्हणत नाही. उरलेल्या देठांची दही घालून देठी. वडीच्या पानांच्या मागच्या शिरा ती लाटण्यानं चेपायची, मोठं पान खाली घ्यायची, टोकं आलटून पालटून रचत कडा मुडपायची आणि घट्ट गुंडाळायची. पानं कापायचा नियम मात्र एकच होता: मधली, अजून न उलगडलेली सुरळी तोडायची नाही. ती राहिली की झाड राहतं.

1974 च्या पावसाळ्यात वाटणी झाली. मी तिसरीत होते. पडवीत पंच बसले होते, बाबा आणि थोरले काका समोरासमोर, मध्ये पानाचं तबक. आतलं कोणी बाहेर येत नव्हतं. आजी धो धो पावसात अळवात उभी राहून पानं कापत होती. सुरळ्या तेवढ्या ठेवून तिनं अख्खी पट्टी रिकामी केली. रात्री वड्यांचा ढीग झाला आणि दोन्ही मुलगे एका पंगतीला बसून जेवले. ती त्या घरातली शेवटची एकत्र पंगत. विहीर सामाईक राहिली. माजघरात भिंत आली. न्हाणी काकांकडे गेली आणि अळू आमच्याकडे.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर काकांनी न्हाणीच्या पलीकडे शोषखड्डा खणून घेतला, दगडगोटे भरले आणि पन्हळ सिमेंटनं बुजवली. डास होतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी माझा राग गेलेला नाही. ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, त्यांनी मला खांद्यावर बसवून गंगामाईला नेलं होतं, आजारपणात बाबांना पैसे पाठवले होते, हे सगळं मला मान्य आहे. पण ज्या पाण्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता, तेही त्यांनी पलीकडे जाऊ दिलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांना माफ करू शकत नाही आणि करायची इच्छाही नाही.

हवाई बेटांवरच्या अळवाची हकीकत वाचताना म्हणूनच माझा जीव गुंतला. अळू तिथे 'कालो'. त्याचा कंद उकडून, कुटून 'पोई' करतात. तेच त्यांचं मुख्य अन्न होतं. त्यांच्या आदिकथेत मृत जन्मलेलं मूल मातीत पुरलं आणि त्या जागी पहिलं कालो उगवलं. त्याच्या पाठीवर झालेला भाऊ हा माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हे माणसाचं थोरलं भावंड. ओढ्याचं पाणी पाटानं खाचरात घ्यायचं, कालोच्या मुळांशी खेळवायचं आणि खालच्या अंगानं पुन्हा ओढ्यात सोडायचं, अशी त्यांची रीत. पाणी थंड आणि वाहतं लागतं. तुंबून तापलं की कंद सडतो. मग ऊस आला. ओआहू बेटावर 1916 साली डोंगर पोखरून वायाहोलेचा कालवा पुरा झाला आणि पूर्वेच्या ओढ्यांचं पाणी बेटाच्या कोरड्या बाजूच्या उसाकडे वळलं. ऊस 1990 च्या दशकात संपला. आता आमचं पाणी ओढ्यांत सोडा, म्हणून शेतकरी भांडायला उभे राहिले. पाणी हा लोकांसाठी राखायचा ठेवा आहे, असं हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली त्या खटल्यात ठामपणे म्हटलं. काही ओढ्यांना पाणी परत मिळालं.

राजापूरच्या एका परसात असा खटला कोण चालवणार होतं?

आजीनं भांडण केलं नाही. तिनं अंघोळीची जागा बदलली. अळवाच्या वरच्या अंगाला एक सपाट धोंड बसवून घेतली, भोवती झापांचा आडोसा केला आणि पहाटे चुलीवर हंडा तापवून ती तिथे न्हायला जाऊ लागली. सत्तरीतली बाई, उघड्यावर, थंडीतसुद्धा. बाबा रागावले, आई रडली. काकांच्या खिडकीतून तो आडोसा दिसायचा, आणि तो दिसावा अशीच तिची इच्छा असावी असं मला पुढे वाटायला लागलं. मी अंथरुणात पडल्यापडल्या ऐकायचे: तांब्या हंड्यात बुडायचा, पाणी धोंडेवर आपटायचं, मग पानापानांतून वाट काढत जायचं. ती साबण लावत नसे. आईलाही तिनं तांदूळ धुतलेलं पाणी तिकडेच ओतायला लावलं. अळू जगलं. पूर्वीसारखं नाही, वडीची पानं तळहातापेक्षा फार मोठी झाली नाहीत. पण आजी असेतो ऋषिपंचमीला बाहेरचं अळू घरात आलं नाही, आणि भाजीची वाटी झाकून पलीकडे जायची, तीही चुकली नाही. वाटी न्यायचं काम माझं होतं. काकू ती दारात घेत आणि रिकामी कधी परत देत नसत. दोन सुपाऱ्या, मूठभर कुळीथ, काहीतरी असेच.

मुंबईत लोकलच्या रुळांलगत अळू, माठ, भेंडी दिसते. पडीक जागा भाजीपाल्यासाठी आपल्या कर्मचाऱ्यांना द्यायची रेल्वेची जुनी योजना होती, 'ग्रो मोअर फूड' नावाची. त्यातल्या कित्येक वाफ्यांना नाल्याचं पाणी जातं म्हणून लोक नाक मुरडतात, आणि ते योग्यच आहे. कारखान्यांचं आणि संडासांचं पाणी भाजीला घालू नये. पण डब्यातल्या बायकांना मी 'सांडपाण्यावरचं अळू' असं शिसारीनं म्हणताना ऐकते तेव्हा मला आजीची धोंड आठवते. न्हाण्याचं पाणी आणि गटाराचं पाणी एकाच नळीत घालायला आपण शिकलो, तिथेच घराचं पाणी घराच्या परसाला मुकलं. माझ्या बाल्कनीत एक जुना टब आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मी त्यात घालते. पानं येतात. ऊन कमी, वाराही नाही, तरी श्रावणात पाचसहा वड्यांपुरती येतात.

गेल्या महिन्यात धाकट्या भावानं कागद पाठवले. आमचा वाटा चुलतभावाला विकायचं ठरतं आहे, सगळ्यांच्या सह्या हव्यात. सोबत सातबारा होता. त्यावर आजीचं नाव अजून आहे, 'इतर हक्क' या रकान्यात. आजोबा गेले तेव्हा 1956 चा वारसा कायदा होऊन काही वर्षं झाली होती आणि विधवेला मुलांबरोबरीचा हिस्सा त्यात मिळाला होता. वाटणीच्या दिवशी पडवीतलं कोणी तिला विचारायला गेलं नाही. मला आठवतं तेवढं, पंचांनी तिला पडवीत बोलावलं ते पानं कापून झाल्यावर, अंगठा घ्यायला. तिला सही येत होती.

भावाला मी कळवलं आहे की बाकी सगळ्यावर सही करते, न्हाणीमागची पट्टी विकायची नाही. तो म्हणतो, तिथे आता अळू नाही, नुसतं तण आहे, आणि पट्टी सगळी मिळून गुंठाभरही भरणार नाही, तेवढ्यासाठी मोजणीचा खर्च कोण करणार. खर्च मी करते म्हटलं. चुलतभावाशी मी स्वतःच बोलले. न्हाणी त्याची, तिचं पाणी या बाजूला सोडायला त्याची काही हरकत आहे का, एवढंच विचारलं. तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ताई, ती पन्हळ बुजवलेली आहे ना, फोडावी लागेल. फोड, म्हटलं, दिवाळीत मी कंद घेऊन येते.